बिल्ला कोणाच्या खिशात? दूरचे पान आणणारी स्क्रिप्ट आणि तिच्या कुकी

खानापूर तालुक्यातून रोज बसने बेळगावला शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने गेल्या हंगामात घरच्यांसाठी एक लहानशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायला घेतली. घरी बटाटा आणि रताळ्याची शेती आहे. माल मार्केट यार्डात नेण्याआधी आदल्या दिवसाचा भाव मोबाईलवर एका ओळीत दिसावा, एवढीच वडिलांची अपेक्षा होती. बाजारभाव दाखवणारे एक संकेतस्थळ त्याने ब्राउझरमध्ये उघडले, भाषा इंग्रजी निवडली, जिल्हा निवडला, बाजारपेठ निवडली आणि बटाट्याची ओळ समोर आली. मग त्याच पानाचा पत्ता त्याने पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या आपल्या स्क्रिप्टला दिला. स्क्रिप्टने पान आणले, पण त्यात 'पोटॅटो' हा शब्द नव्हता, कारण आलेले पान कन्नडमध्ये होते. त्याने 'आलूगड्डे' शोधून पाहिले, तर तेही सापडेना. नीट वाचल्यावर कळले की ते भावाचे पान नव्हतेच. 'आधी बाजारपेठ निवडा' असे सांगणारे ते पहिलेच पान होते. "सर, पत्ता अगदी तोच आहे, माझ्या ब्राउझरमध्ये दिसतंय की!" असे म्हणत तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला.

पत्ता तोच होता, हे खरेच. फरक होता तो पत्त्याबरोबर जाणाऱ्या एका छोट्या ओळीत. दूरची पाने आणणाऱ्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी या ओळीपाशी अडखळावे लागते, म्हणून ती एकदा मुळापासून समजून घेणे फायद्याचे आहे.

वेबची पाने ज्या नियमाने ये-जा करतात, त्या एचटीटीपी नावाच्या नियमाला स्मरण नाही. ब्राउझरने पान मागितले, सर्व्हरने, म्हणजे ते पान पुरवणाऱ्या दूरच्या संगणकाने, ते दिले, की तो व्यवहार तिथेच संपतो. पुढच्या क्षणी त्याच माणसाने दुसरे पान मागितले, तरी हा मघाचाच माणूस आहे हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. अशा विसराळू व्यवस्थेत भाषेची निवड, लॉग-इन किंवा खरेदीची टोपली लक्षात ठेवायची तर काहीतरी खूण लागते, आणि कुकी म्हणजे तीच खूण.

बँकेत पैसे काढण्याची स्लिप खिडकीत दिली की पितळेचा क्रमांक कोरलेला बिल्ला हातात मिळत असे, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. रोखपाल चेहरा पाहत नसे, बिल्ल्याचा क्रमांक पाहत असे. बिल्ल्यावर तुमचे नाव नसते, रक्कम नसते. ती माहिती आतल्या वहीत असते आणि बिल्ला फक्त त्या नोंदीकडे बोट दाखवतो. सेशन कुकी, म्हणजे एका भेटीपुरती ओळख पटवणारी कुकी, हुबेहूब अशीच असते. तिच्यात बहुधा एक लांबलचक, अर्थहीन दिसणारी अक्षरांची माळ असते. निवडलेला जिल्हा, निवडलेली बाजारपेठ आणि लॉग-इन केलेले नाव या सर्व गोष्टी दूरच्या सर्व्हरच्या वहीत असतात. काही कुकींमध्ये मात्र प्रत्यक्ष माहितीच लिहिलेली असते. भाषेची निवड हे त्याचे नेहमीचे उदाहरण, कारण 'इंग्रजी' हा शब्द ठेवण्यासाठी वहीत वेगळी नोंद करण्याची गरज नसते.

ही कल्पना १९९४ साली नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली या अभियंत्याने वेबवर आणली. एका ग्राहक कंपनीला खरेदीची अर्धवट टोपली आपल्या सर्व्हरवर साठवायची नव्हती. ती नोंद वापरणाऱ्याच्या संगणकावर राहावी, असा त्यातला हेतू होता. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या जगात प्रोग्रामांनी एकमेकांना दिलेल्या अशाच खुणेला आधीपासून 'मॅजिक कुकी' म्हणत असत, तिथून हे नाव आले. कुकींचे वागणे कसे असावे हे आज ज्या दस्तऐवजाच्या आधारे समजून घेतले जाते, तो आरएफसी ६२६५ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज २०११ चा आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या अडचणीकडे वळू. त्याने भाषा निवडली, बाजारपेठ निवडली, तेव्हा दूरच्या सर्व्हरने बिल्ला दिला तो त्याच्या ब्राउझरला. स्क्रिप्ट मात्र ब्राउझरमध्ये चालत नाही. ती चालते आपल्या सर्व्हरवर, आणि दूरचे पान मागायला जाते ती ब्राउझर नव्हे, तर ती स्वतः. तुम्ही बँकेत बिल्ला घेतला, तो खिशात टाकून घरी आलात आणि नंतर गड्याला रिकाम्या हाताने त्याच खिडकीवर पाठवलेत, तर रोखपाल त्याला परत रांगेतच उभा करणार. दूरच्या सर्व्हरने स्क्रिप्टला पहिले, मूळ भाषेतले पान दिले, यात त्याचे काहीही चुकले नाही.

इथे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत, हे मनात पक्के ठसले पाहिजे. वापरणाऱ्याचा ब्राउझर आणि आपला सर्व्हर यांच्यातला एक, आणि आपला सर्व्हर व दूरचा सर्व्हर यांच्यातला दुसरा. पहिल्या व्यवहारात आपण बिल्ला देणारे आहोत, दुसऱ्यात घेणारे. पीएचपीमध्ये 'सेटकुकी' हे फंक्शन, म्हणजे तयार आज्ञा, पहिल्या व्यवहारासाठी आहे. ते आपल्या वाचकाच्या ब्राउझरला आपली कुकी देते. अनेक जण दूरच्या संकेतस्थळाची कुकी 'सेटकुकी'ने बसवायचा प्रयत्न करतात आणि ती का लागू पडत नाही म्हणून तासन्तास डोके खपवतात. आपल्या डोमेनवरून, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून, दुसऱ्याच्या डोमेनची कुकी बसवता येत नाही, ब्राउझर ती सरळ नाकारतो. आणि समजा बसलीच असती, तरी ती ब्राउझरमध्ये असती, स्क्रिप्टच्या हाती नव्हे. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चुका या दोन व्यवहारांची सरमिसळ झाल्यामुळेच झालेल्या आहेत.

बिल्ला प्रत्यक्षात कसा दिसतो तेही पाहू. दूरचा सर्व्हर पानाच्या आधी काही हेडर, म्हणजे माहितीच्या ओळी, पाठवतो. त्यांत 'सेट-कुकी' या नावाने सुरू होणारी एखादी ओळ असते. उदाहरणादाखल तिचा मजकूर असा समजा: 'भाषा=इंग्रजी; पाथ=/; मॅक्स-एज=३६००; सिक्युअर; एचटीटीपी-ओन्ली'. पहिल्या अर्धविरामापर्यंतचा भाग, म्हणजे नाव आणि किंमत (बरोबरच्या चिन्हानंतरचा मजकूर), हाच खरा बिल्ला होय. त्यापुढचे सगळे शब्द म्हणजे बिल्ला कुठे, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने दाखवायचा याच्या सूचना. पुढच्या विनंतीत आपण 'कुकी' नावाचा हेडर पाठवतो, त्यात फक्त 'भाषा=इंग्रजी' एवढेच जायचे असते; एकाहून अधिक कुकी असतील, तर त्यांच्यामध्ये अर्धविराम आणि एक मोकळी जागा. आलेली आख्खी ओळ सूचनांसकट जशीच्या तशी परत पाठवणारे कितीतरी नवशिके मी पाहिले आहेत. काही सर्व्हर ते चालवून घेतात, काही 'पाथ' नावाचीही एक कुकी आली असे समजतात, आणि मग दोष शोधणे अवघड होऊन बसते.

हे तुकडे हाताने करायचा मोह होतो, पण त्यात बारीक खाचा आहेत. मुदत सांगणाऱ्या 'एक्स्पायर्स' या सूचनेतल्या तारखेत वाराच्या नावानंतर स्वल्पविराम असतो, त्यामुळे अनेक कुकी स्वल्पविरामावर तोडू पाहणारा कोड तारखेच्या मध्येच ओळ तोडतो. शिवाय कुकीच्या किमतीत टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारे संकेत असतात. पीएचपी आपल्याकडे आलेल्या कुकी उलगडून देते. त्या उलगडलेल्या किमती दुसरीकडे पाठवल्या, किंवा आधीच संकेतात असलेली किंमत पुन्हा एकदा संकेतात घातली, तर दूरच्या सर्व्हरला बिल्ल्यावरचा क्रमांक वेगळाच दिसतो. दूरच्या सर्व्हरने दिलेली किंमत एका अक्षराचाही बदल न करता परत पाठवायची, हा साधा नियम पाळला तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

कोणती कुकी कुठे पाठवायची, हे ठरवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट डोमेन. सर्व्हरने डोमेन सांगितले नसेल, तर कुकी ज्या यजमानाने, म्हणजे नेमक्या ज्या पत्त्यावरच्या सर्व्हरने, दिली फक्त त्यालाच परत जाते. सांगितले असेल, तर त्याच्या उपडोमेनांनाही जाते. पत्त्याच्या सुरुवातीला तीन डब्ल्यू लावून लॉग-इन केले आणि पुढची विनंती त्यांच्याशिवाय केली, तर दोन्ही पत्ते आपल्याला एकच वाटत असले तरी कुकीच्या दृष्टीने ते दोन यजमान असतात. दुसरी गोष्ट पाथ, म्हणजे पत्त्याचा कोणता भाग. आणि तिसरी 'सिक्युअर' ही सूचना; ती असेल तर कुकी फक्त सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस जोडणीवरच जाते. पत्त्यात एक 'एस' लिहायचा राहिला म्हणून लॉग-इन टिकत नाही, असे घडलेले आहे. 'एचटीटीपी-ओन्ली' आणि 'सेमसाइट' या सूचना मात्र ब्राउझरसाठी आहेत. आपल्या स्क्रिप्टला त्यांची फिकीर करण्याचे कारण नाही.

हा सगळा हिशोब ठेवणारी साधने तयार आहेत, आणि ती वापरावीत असे माझे स्पष्ट मत आहे. पीएचपीमध्ये एका ओळीत पान आणून देणारे 'फाइल गेट कंटेंट्स' हे फंक्शन सर्वांच्या आवडीचे आहे, पण ते कुकी सांभाळत नाही. दूरच्या सर्व्हरने दिलेला बिल्ला ते वाचून दाखवेल, पण पुढच्या विनंतीला स्वतःहून दाखवणार नाही. दूरचे पान बिल्ल्याशिवाय मिळत असेल तर ते पुरेसे आहे. नसेल तर कर्ल हे ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच) वापरावे. कर्लमध्ये 'कुकीफाइल' आणि 'कुकीजार' असे दोन पर्याय आहेत. पहिल्याने कुकी कोणत्या फाइलमधून वाचायच्या ते सांगायचे, दुसऱ्याने काम संपल्यावर कोणत्या फाइलमध्ये लिहून ठेवायच्या ते. अनेक जण फक्त दुसरा देतात, मग कुकी लिहिल्या जातात पण पुढच्या वेळी वाचल्या जात नाहीत. एकाच धावेत दोन-तीन पाने आणायची असतील आणि कुकी नंतर जपायच्या नसतील, तर फाइलची गरजच नाही. 'कुकीफाइल'ला रिकामे नाव दिले की कर्ल कुकींचा हिशोब स्मरणात ठेवू लागते. अट एकच, की सगळ्या विनंत्या एकाच हँडलवरून, म्हणजे कर्लने सुरुवातीला उघडून दिलेल्या एकाच जोडणीवरून, गेल्या पाहिजेत.

इथे एका बदलाची दखल घ्यायला हवी. कुकीजार फाइल लिहिली जाते ती हँडल बंद होताना. पीएचपीच्या ८.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० च्या अखेरीपासून, 'कर्ल क्लोज' हे फंक्शन काहीच करत नाही. हँडल ही एक वस्तू झाली आहे आणि ती नष्ट होताना फाइल लिहिली जाते. जुन्या पाठ्यपुस्तकातला कोड उतरवून 'कर्ल क्लोज'च्या पुढच्याच ओळीत ती फाइल वाचायला गेलो, तर ती रिकामी सापडते. हँडल ज्यात ठेवले ते चल (व्हेरिएबल) 'अनसेट' करावे, किंवा 'कुकीलिस्ट' या पर्यायाला 'फ्लश' हा शब्द द्यावा. तो दिला की कुकी त्याच क्षणी फाइलमध्ये उतरतात.

पायथॉन या दुसऱ्या भाषेत 'रिक्वेस्ट्स' हे ग्रंथालय वापरणाऱ्यांनी 'सेशन' ही वस्तू बनवून तिच्यामार्फत पाने मागवावीत. प्रत्येक वेळी सुटे 'गेट' केले, तर प्रत्येक विनंती नव्या माणसासारखी जाते. कुकी फाइलमध्ये साठवायच्या असतील, तर पायथॉनची मोझिला पद्धतीची कुकीजार मुदत नसलेल्या सेशन कुकी आपणहून लिहीत नाही, त्यासाठी 'इग्नोर डिस्कार्ड' हा पर्याय चालू करावा लागतो. नेमका लॉग-इनचा बिल्ला बहुधा असाच बिनमुदतीचा असतो, म्हणून हे लक्षात असू द्यावे.

कुकीजार फाइल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी उघडून पाहावी, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. ती साधी मजकुराची फाइल असते, आणि तिच्या मांडणीला आजही नेटस्केपची मांडणी म्हणतात. एका ओळीत एक कुकी आणि प्रत्येक ओळीत टॅबने वेगळे केलेले सात रकाने असतात. पहिल्या रकान्यात डोमेन, दुसऱ्यात उपडोमेनांना ती चालते का याचे 'ट्रू' किंवा 'फॉल्स' असे उत्तर, तिसऱ्यात पाथ, चौथ्यात सुरक्षित जोडणीची अट आहे की नाही, पाचव्यात मुदत, सहाव्यात नाव, सातव्यात किंमत. मुदत लिहिलेली असते ती १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत. पाचव्या रकान्यात १७६७२२५६०० असेल, तर ती कुकी २०२६ च्या १ जानेवारीला, आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाचला, संपते. तिथे नुसते ० असेल, तर ती सेशन कुकी समजावी. काही ओळींच्या सुरुवातीला दोन आडव्या-उभ्या रेघांचे # हे चिन्ह आणि 'एचटीटीपी-ओन्ली' असे लिहिलेले असते. ते चिन्ह पाहून ओळ टिप्पणी आहे असे समजून पुसू नये, ती जिवंत कुकी असते. अडचण आली की मी सर्वांत आधी ही फाइल उघडतो. ती रिकामी असेल तर बिल्ला मिळालेलाच नाही. भरलेली असूनही काम होत नसेल, तर डोमेन, पाथ, सुरक्षिततेची अट किंवा मुदत यांपैकी काहीतरी जुळत नाही. एवढ्याने अर्धा शोध संपतो.

लॉग-इन करावे लागणाऱ्या पानांमध्ये क्रमाला महत्त्व असते. नाव आणि पासवर्ड थेट फॉर्मच्या पत्त्यावर पाठवून चालत नाही. बहुतेक संकेतस्थळे लॉग-इनचे पान दाखवतानाच एक कुकी देतात आणि त्याच पानातल्या फॉर्ममध्ये एक लपलेली किंमत ठेवतात. फॉर्म परत येतो तेव्हा दोन्ही एकमेकांशी जुळतात का, हे तपासले जाते. म्हणून आधी लॉग-इनचे पान साध्या विनंतीने आणावे, त्याची कुकी सांभाळावी, फॉर्ममधली लपलेली किंमत काढून घ्यावी, आणि मग त्याच हँडलवरून नाव, पासवर्ड व ती किंमत पाठवावी. लॉग-इन यशस्वी झाले की पुष्कळ सर्व्हर बिल्ला बदलून नवा देतात, आणि तो देतात नेमक्या त्या प्रतिसादात, ज्यात 'आता दुसऱ्या पानावर जा' अशी सूचना असते. ती सूचना पाळणारा पण वाटेतला बिल्ला न उचलणारा कोड पुढच्या पानावर पोचतो, तिथे बिल्ला नाही म्हणून परत लॉग-इनकडे पाठवला जातो, आणि हे चक्र फिरत राहते. 'फाइल गेट कंटेंट्स' अशी २० वळणे झाल्यावर थांबते आणि वळणांची मर्यादा संपली असा इशारा देते. तो इशारा दिसला की मर्यादा वाढवण्याच्या मागे लागू नये, कुकी कुठे गळते आहे ते पाहावे.

आता एक प्रसंग सांगतो, जो माझ्या स्वतःच्या हातून घडलेला आहे. काही वर्षांपूर्वी बाजारातल्या चार-पाच अडत्यांसाठी मी एक पान तयार केले होते. प्रत्येकाचे एका दूरच्या सेवेवर स्वतंत्र खाते होते, आणि माझी स्क्रिप्ट त्यांच्या संमतीने त्यांच्या वतीने लॉग-इन करून त्यांची गोव्याला गेलेल्या भाजीच्या गाड्यांची नोंद एका तक्त्यात दाखवत असे. कुकीजारला मी एकच नाव दिले होते आणि ती एकच फाइल सर्वांसाठी वापरली जात होती. महिनाभर काहीही बिघडले नाही. मग एके दिवशी पहाटे सौद्याच्या गर्दीत दोघांनी एकाच वेळी पान उघडले आणि त्यांतल्या एकाचा मला फोन आला, "मास्तर, हे नाव आमचं न्हवं की. कुणाच्या गाड्या दिसायलंयत ह्या?" पहिल्याचे लॉग-इन झाले, फाइलमध्ये त्याचा बिल्ला लिहिला गेला, पाठोपाठ दुसऱ्याचे लॉग-इन झाले, त्याच फाइलमध्ये त्याचा बिल्ला लिहिला गेला, आणि पहिल्याच्या पुढच्या विनंतीने फाइल वाचली, तेव्हा तिच्या हाती दुसऱ्याचा बिल्ला आला. दूरच्या सर्व्हरने बिल्ल्याप्रमाणे माहिती दिली. एका व्यापाऱ्याचा व्यवहार दुसऱ्याला दिसणे ही बाजारपेठेत क्षुल्लक गोष्ट नाही. मी त्याच सकाळी ते पान बंद केले आणि दोघांच्याही दुकानी जाऊन काय झाले ते सांगितले.

त्या दिवसापासून मी काही गोष्टी कधीही टाळत नाही. प्रत्येक वापरणाऱ्याची कुकीजार वेगळी असते. तिचे नाव अंदाजाने ओळखता येणारे नसते, 'टेम्पनॅम'सारखे फंक्शन असे एकमेव नाव तयार करून देते. ती फाइल वेबवरून उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये कधीच नसते, कारण कुकीजार हाती लागणे म्हणजे पासवर्ड न कळताही खाते हाती लागणे. तिची परवानगी ६०० असते, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही ती वाचता येत नाही. काम संपले की ती पुसली जाते. ज्यांनी सामायिक होस्टिंगवर जागा घेतली आहे, त्यांनी तर हे दुप्पट काळजीने पाळावे, कारण त्याच यंत्रावर इतर अनोळखी लोकांच्याही स्क्रिप्ट चालत असतात.

याच संदर्भात आणखी एक धोका सांगायला हवा. वापरणाऱ्याच्या ब्राउझरने आपल्याला दिलेल्या सगळ्या कुकी उचलून दूरच्या सर्व्हरकडे सरसकट पुढे पाठवणारा कोड पुष्कळदा दिसतो. त्यात आपल्याच संकेतस्थळाचा सेशन बिल्लाही परक्याच्या हाती जातो. 'कुकी' हा हेडर हाताने जोडला आणि दूरच्या सर्व्हरने मध्येच तिसऱ्याच यजमानाकडे वळवले, तर तो हेडर तिकडेही जाण्याची शक्यता राहते. कुकीजार वापरली, तर डोमेनची तपासणी ती स्वतः करते, हा तिचा फार मोठा फायदा आहे.

आपलीच स्क्रिप्ट आपल्याच संकेतस्थळाचे दुसरे पान मागते, तेव्हा एक वेगळीच कोंडी होते. पीएचपी नेहमीच्या रचनेत सेशनची फाइल एका वेळी एकाच स्क्रिप्टला वापरू देते. पहिल्या स्क्रिप्टने सेशन उघडले, मग त्याच सेशनची कुकी देऊन आपल्याच दुसऱ्या पानाला विनंती केली, तर दुसरे पान फाइल मोकळी होण्याची वाट पाहत बसते, आणि पहिली स्क्रिप्ट दुसऱ्या पानाची. किल्ली आतल्याच्या खिशात आणि तो बाहेरच्याने दार उघडण्याची वाट पाहतो आहे, अशी ही अवस्था असते. वेळमर्यादा संपेपर्यंत पान लटकते आणि लोक नेटवर्कला दोष देतात. विनंतीच्या आधी 'सेशन राइट क्लोज' म्हटले की फाइल मोकळी होते आणि कोंडी सुटते.

काही कुकी मात्र या मार्गाने मिळतच नाहीत. पानातली जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालून कुकी बसवते, तेव्हा ती कोणत्याही हेडरमध्ये नसते, आणि कर्ल जावास्क्रिप्ट चालवत नाही. अशा वेळी पडद्याविना चालणारा खराखुरा ब्राउझर वापरावा लागतो, जो जड असतो आणि स्वस्त होस्टिंगवर बहुधा चालत नाही.

त्याआधी हे सगळे करण्याची गरज आहे का, हेही विचारावे. बाजारभावांसारखी सार्वजनिक माहिती भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या पोर्टलवर, म्हणजे डेटा डॉट गव्ह डॉट इनवर, प्रोग्रामने थेट मागता येते. नोंदणी करून मिळालेली किल्ली विनंतीबरोबर जोडली की काम होते, कुकींचा प्रश्नच येत नाही. जिथे मालकाने कॅप्चा लावून किंवा अटींमध्ये लिहून यंत्रांना मनाई केली आहे, तिथे ती मनाई पाळावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय संगणकातून माहिती उतरवून घेण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याने आत शिरणे हे तर कोणत्याही निकषावर गैर आहे. परवानगी असली, तरी दर मिनिटाला पान मागवू नये. भाव दिवसातून एकदा बदलत असेल, तर विनंतीही दिवसातून एकदाच जावी.

त्या खानापूरच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसूनच दुरुस्ती केली होती. आम्ही आधी कर्लचा 'व्हर्बोस' हा पर्याय चालू केला, त्यामुळे जाणारी आणि येणारी प्रत्येक ओळ पडद्यावर उमटू लागली. जाणाऱ्या ओळींमध्ये 'कुकी' हा हेडर नव्हता, येणाऱ्यांमध्ये 'सेट-कुकी' होता. तिथेच त्याच्या लक्षात आले आणि पुढचे त्याने स्वतः केले. एकाच हँडलवरून आधी भाषेच्या निवडीचे पान, मग जिल्हा आणि बाजारपेठेचा फॉर्म, मग भावाचे पान, अशा तीन विनंत्या त्याने ओळीने लावल्या. आलेल्या पानात अपेक्षित शब्द नसेल तर जुनी कुकीजार पुसून पहिल्या पायरीपासून एकदाच पुन्हा प्रयत्न करायचा, आणि तेव्हाही जमले नाही तर थांबून कळवायचे, अशी सोय त्याने ठेवली, कारण सेशन कुकीवर मुदत लिहिलेली नसली तरी दूरच्या सर्व्हरच्या वहीतली नोंद कधीही पुसली जाऊ शकते. रात्री त्याने मला कुकीजारचा फोटो पाठवला. तिच्यात दोनच ओळी होत्या. भाषेच्या कुकीच्या पाचव्या रकान्यात वर्षभर पुढची तारीख सेकंदांत लिहिलेली होती. सेशनच्या कुकीच्या रकान्यात ० होते, आणि त्या शून्याभोवती त्याने पेनाने गोल काढला होता.